प्रोटीन औषधांतले कण: शोध आणि ओळख

इन्शुलिन, एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं प्रोटीन), कॅन्सरवरच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या, कारखान्यात बनवलेल्या अँटिबॉडी) ही प्रोटीनची औषधं बहुतेक करून इंजेक्शननेच देतात, त्यामुळे त्यात नको ते कण असले तर ते थेट शरीरात जातात. हे कण तीन प्रकारचे. बाहेरून आलेले, म्हणजे कपड्याचा धागा, केस वगैरे. मशीन किंवा पॅकिंगमधून सुटलेले, म्हणजे स्टीलचा कीस, रबरी बुचाचे तुकडे, काचेचे पापुद्रे, सिरिंजमधलं सिलिकॉन तेल. आणि तिसरे खुद्द प्रोटीनचे, रेणू उलगडून एकमेकांना चिकटले की होणारे. हे तिसरे सगळ्यात त्रासदायक, कारण अशा गुठळ्यांमुळे शरीर औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवू शकतं, आणि एरिथ्रोपोएटिनच्या बाबतीत तर त्या अँटिबॉडी शरीराच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनलाही निकामी करू शकतात, मग लाल पेशी बनणंच थांबतं.

डोळ्यांनी तपासणी आजही होतेच, व्हायल (औषधाची छोटी बाटली) हलकेच फिरवून काळ्या आणि पांढऱ्या पडद्यासमोर प्रत्येकी साधारण 5 सेकंद, किमान 2000 लक्स उजेडात बघतात. त्याहून बारीक कणांसाठी मशीन, ज्यात कणाची सावली मोजतात. अमेरिकन फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाच्या नियमपुस्तकाची) मर्यादा 100 मिलीपर्यंतच्या व्हायलला 10 मायक्रॉन आणि वरचे 6000 कण, 25 मायक्रॉन आणि वरचे 600. पण प्रोटीनचा कण जवळपास पारदर्शक असतो, सावली नीट पडत नाही, म्हणून तो सुटतो नाहीतर लहान भासतो. त्यामुळे वाहत्या द्रवाचे फोटो काढणारी फ्लो इमेजिंग पद्धत सोबत लागतेच. तिच्यात तेलाचा थेंब गोल दिसतो आणि प्रोटीनचा कण वेडावाकडा.

पण नुसतं मोजून भागत नाही, कण कशाचा हे कळलं तरच तो कुठून आला ते सापडतं. त्यासाठी कण फिल्टरवर पकडून मायक्रोस्कोपखाली इन्फ्रारेड किंवा रामन स्पेक्ट्रम (कण प्रकाश कसा शोषतो किंवा विखुरतो त्याचा आलेख) घेतात, प्रोटीन असेल तर 1650 cm⁻¹ च्या आसपास ठळक पट्टा येतो, आणि धातू किंवा काच वाटली तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर एक्स-रेने मूलद्रव्यं बघतात. 2010 मध्ये ॲमजेन या औषध कंपनीने एपोजेनचे (तिच्या एरिथ्रोपोएटिन औषधाचे) काही लॉट परत मागवले ते व्हायलच्या आतून सुटलेल्या काचेच्या पातळ पापुद्र्यांमुळे.

काही कण तर औषध भरल्यावर खूप उशिरा दिसतात. प्रोटीन टिकावं म्हणून घातलेलं पॉलिसॉर्बेट, प्रोटीन बनवणाऱ्या पेशींमधून औषधात उरलेल्या एन्झाइममुळे हळूहळू तुटतं आणि सुटलेल्या फॅटी ॲसिडचे कण बनतात. म्हणून भरल्या दिवशीची टेस्ट पुरत नाही, एक्सपायरीपर्यंत ठरावीक काळाने तपासत राहावं लागतं.