कांदा पारखणारी नजर मोबाइलवर का चुकते?

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू होतो, तेव्हा ट्रॉलीजवळ उभा असलेला शेतकरी एकाही आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. व्यापाऱ्याने वरचेच चार कांदे उचलले की आत हात घालून पाहिलं, पत्ती (वरची साल) टिकून आहे का, मान नीट सुकली आहे का, जोड (जुळे) कांदे किती, गोल्टी (बारीक कांदा) किती, याकडे त्याचं बारीक लक्ष असतं. समिती रोज तीन दर जाहीर करते : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. समजा ते क्विंटलला ६००, २,१०० आणि १,४५० आहेत. मोबाइलवर फिरतो तो २,१०० हाच आकडा. जाणता शेतकरी लगेच विचारतो, ‘किती ट्रॉल्यांना मिळाला? कुठल्या मालाला?’ कमाल दर एखाद्याच ट्रॉलीचा असू शकतो आणि आपला माल बहुधा सर्वसाधारणच्या आसपास जाईल, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

तोच माणूस रात्री ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे’ हा निरोप न तपासता तीन ग्रुपवर टाकतो. सामान्य माणसाला चिकित्सक विचार येतो की नाही, हा वाद या दोन दृश्यांमध्ये अडकलेला आहे. ‘बहुतेकांना तो येतच नाही’ हे म्हणणं आम्हाला चुकीचं वाटतं. तो येतो, पण ज्या कामात तो मुरला त्या कामाच्या बांधाबाहेर सहसा पडत नाही. असं का झालं, याला बराच जुना इतिहास आहे.

आधी प्रयोगशाळेतला पुरावा. १९६६ मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने एक कोडं मांडलं. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक. दिसतात ते असे : अ, क, ४, ७. नियम असा की, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असलाच पाहिजे. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटायचे? बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ सांगतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’, कारण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियमाला धक्का लागत नाही. दहातल्या एखाद्यालाच हे जमतं. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तेच कोडं दारूच्या वयावर बेतलं : बिअर पिणारा, कोक पिणारा, २२ वर्षांचा, १६ वर्षांचा, बिअर पिणारा १९ वर्षांवरचा असलाच पाहिजे, तर कोणाला तपासाल? या वेळी सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बिअर पिणारा आणि १६ वर्षांचा हे अचूक सांगितलं. तर्क तोच होता, फक्त तो ओळखीच्या जगात आला.

ब्राझीलच्या रेसिफे शहरातला, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच वळणाचा. रस्त्यावर नारळ, फळं विकणाऱ्या मुलांनी गिऱ्हाइकाशी बोलताना केलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के बरोबर निघाले. तीच गणितं कागदावर आकडेमोड म्हणून दिली, तेव्हा ३७ टक्केच बरोबर आली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये आला आणि निष्कर्ष तोच निघाला. उलट बाजूही त्यात दिसली : शाळेत गणित चांगलं येणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळत होती. म्हणजे कौशल्य एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. ते मुद्दाम न्यावं लागतं.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत अशी पारख रोज चालते. एखादा विक्रेता नवं टॉनिक घेऊन आला तर अनुभवी बागायतदार सगळ्या बागेवर ते मारत नाही. दोन ओळींवर मारतो, शेजारच्या दोन तशाच ठेवतो, बाकी पाणी, खत, छाटणीची तारीख सारखी ठेवतो आणि मण्यांची फुगवण व गोडी पाहून ठरवतो. गोडी मोजायला हातात ब्रिक्स मीटर असतंच. ही सरळसरळ तुलनात्मक चाचणी झाली. पण घरात कोणी सांगितलं, ‘अमुक काढ्याने मामांचा संधिवात गेला’, की तुलनेची ओळ कुठेच नसते. इथे चार रकाने भरायला हवेत : काढा घेतला आणि बरं वाटलं, घेतला आणि नाही वाटलं, न घेता बरं वाटलं, न घेता नाही वाटलं. कानावर येतो तो फक्त पहिला रकाना. दुखणं स्वभावतःच चढउतार करणारं असेल, तर माणूस सगळ्यांत जास्त दुखतं तेव्हाच औषध शोधतो आणि त्यानंतरचा उतार औषधाच्या नावावर जमा होतो. चूक अक्कल नसल्याची नाही, तीन रकाने रिकामे राहिल्याची आहे.

शब्दाकडेही बघायला हवं. मराठीत ‘चिकित्सा’ म्हणजे पारखून पाहणं, पण घरात ‘फार चिकित्सक आहे गं ती’ म्हटलं की ती तक्रार असते. ‘फाटे फोडू नकोस’, ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ ही वाक्यं ऐकत मूल वाढतं. प्रश्न विचारण्याची किंमत मोजावी लागते, हे त्याला फार लवकर कळतं.

महाराष्ट्रात ही किंमत ज्यांनी मोजली त्यांची परंपरा मोठी आहे. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, १८८८ मध्ये आगरकरांचा ‘सुधारक’ सुरू झाला. नाशिकपुरतं बोलायचं तर २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सुरू झालेला सत्याग्रह हा ‘आम्हाला आत का नाही?’ या साध्या प्रश्नाचा सत्याग्रह होता. दादासाहेब गायकवाडांसारखे स्थानिक कार्यकर्ते तो वर्षानुवर्षं लढवत राहिले आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. जे गप्प राहतात त्यांना विचार करता येत नाही असं मानण्याआधी हा इतिहास आठवावा. पुष्कळदा विचार झालेला असतो, बोलण्याची किंमत परवडत नसते.

शाळांनी या परंपरेतली नावं आणि सनावळ्या घेतल्या, विचारण्याची रीत घेतली नाही. परीक्षेत ‘सत्यशोधक समाज कोणी स्थापन केला?’ याला गुण आहेत. ‘फुल्यांचा अमुक युक्तिवाद कुठे कच्चा वाटतो?’ याला बहुतेक वेळा जागाच नसते. अपेक्षित प्रश्नसंचातून पाठ केलेलं उत्तर पुरतं, मग पुरावा तोलण्याचा सराव होणार कधी? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं. कर्तव्य लिहिलं गेलं, तासिका मात्र मिळाली नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपती दूध प्यायला लागले. चमचा सोंडेला टेकवून किंचित तिरका केला की पृष्ठताणामुळे दुधाचा पातळ पापुद्रा मूर्तीवर ओढला जातो आणि खाली ओघळतो. पांढऱ्या किंवा ओल्या दगडावर तो ओघळ दिसत नाही. विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि ओघळ सगळ्यांना दिसला. साधनं काय लागली? एक चमचा आणि चिमूटभर रंग. तरीही त्या दिवशी फार थोड्या घरांत तो रंग मिसळला गेला. देवाची परीक्षा घेणं बरं दिसत नाही, हे त्यामागचं कारण होतं.

असाच सरळ प्रयोग जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर पुण्यात केला. डिसेंबर २०२१ च्या नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच नारळीकर. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, सरमिसळ केली आणि प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या : कोणती कोणाची ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून ५० टक्क्यांच्या आसपास येतात. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ बरोबर आली. या प्रयोगाचा कणा आहे तो ‘चूक ठरलो तर कसं कळेल?’ हे आधीच ठरवण्यात. बिअरच्या कोड्यात १६ वर्षांच्या मुलाला तपासणं म्हणजे हेच.

पैशाच्या बाबतीत ही तपासणी सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत कमी होते. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजदर ढोबळमानाने कळतो. ‘तीन वर्षांत दुप्पट’ म्हटलं की ७२ ला ३ ने भागा : वर्षाला जवळपास २४ टक्के. बँकेत ७ टक्क्यांनी दुप्पट व्हायला दहा वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो. मग हे १७ टक्के जास्तीचे कुठून येतात, हा एकच प्रश्न विचारायचा. साखळी योजना असेल तर आणखी एक हिशोब : एकाने दोघं, दोघांनी चौघं आणायचे, तर तेविसाव्या टप्प्याला ८३,८८,६०८ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या थोडी वर होती. लोकांना हा गुणाकार येतो. पण योजना घेऊन आलेला माणूस बहुधा साडू, शिक्षक किंवा भिशीतली मैत्रीण असते आणि तिच्यासमोर कॅल्क्युलेटर काढणं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणं वाटतं.

१ जुलै २०१८, रविवार. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. त्याच रात्री मालेगावात दोन वर्षांच्या मुलासह पाच जणांच्या एका कुटुंबाला अशाच संशयावरून मोठ्या जमावाने घेरलं. तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं, दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत सांभाळलं. ते जिवंत राहिले. अफवा दोन्हीकडे तीच होती, मोबाइलही तेच.

त्या दिवसांत देशभर फिरलेला एक व्हिडिओ असा : मोटारसायकलवरून दोघं येतात, गल्लीत खेळणारं मूल उचलतात आणि निघून जातात. मूळ चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. तिच्या शेवटी तेच दोघं परत येतात, मुलाला सोडतात आणि फलक दाखवतात. फिरवणाऱ्याने तो शेवट कापला. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच फॉरवर्डची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. दोन बाण दिसले की तो असा निरोप आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १० इतिहासकार, २५ पदवीचे विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्य-पडताळणीकार यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले आणि देखण्या बोधचिन्हाला, भारदस्त नावाला फसले. पडताळणीकार काही क्षणांत ते पान सोडून बाहेर गेले आणि दुसरे लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते आधी पाहिलं. बारकाईने वाचणं ही शाळेने शिकवलेली चांगली सवय इथे आडवी आली.

व्हिडिओसाठी याचं रूप साधं आहे. एक ठळक चौकट थांबवायची, स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यावरचा मजकूर आणि इमोजी कापून टाकायचे (नाहीतर शोध त्यांच्यावरच अडकतो) आणि शब्दांऐवजी ते चित्रच टाकून इंटरनेटवर शोध घ्यायचा. सगळ्यांत जुनी तारीख पाहायची. निरोपात ‘आजचा, आपल्या भागातला’ असं म्हटलं असेल आणि चित्र दोन वर्षांपूर्वीचं निघालं, तर पुढे काही तपासायची गरज नाही. जुनं काही सापडलं नाही म्हणून तो खरा ठरत नाही. मग गाव, तालुका, पोलीस ठाणं यांची नावं निरोपात आहेत का ते पाहायचं आणि त्या ठाण्यात फोन करायचा. दोन-तीन मिनिटं लागतात. ट्रॉलीजवळ उभं राहून ‘किती ट्रॉल्यांना मिळाला?’ विचारायलाही साधारण तेवढीच.