असंगत विनोदी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या : गोव्यातील संग्रह

तर्काला फाटा देऊन, चेहऱ्यावरची रेषही न हलवता हसवणाऱ्या कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या हुडकून, पारखून जपण्याचा छंद. गोव्यात तो करणाऱ्याला दोन गोष्टी कायम नडतात : वाचनालयाची बांधणी आणि पाऊस. इतर कादंबऱ्यांचा मजकूर शाबूत राहिला की बरेचसे भागते. असंगत विनोदात मात्र छपाईही थट्टेत सामील असते, त्यामुळे पुस्तकाचे रूप बिघडले की गंमतही थोडी मरते.

याचे एक जुने आणि सर्वांत बेरकी उदाहरण म्हणजे लॉरेन्स स्टर्नची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ (नऊ खंड, १७५९–६७). तिच्या पहिल्या खंडात एक पान संपूर्ण काळे आहे. १७६१ च्या तिसऱ्या खंडात एक पान दोन्ही बाजूंनी रंगांच्या लाटांचे आहे. ते प्रत्येक प्रतीसाठी हाताने रंगवलेले, म्हणून कोणत्याही दोन प्रतींतले पान सारखे नाही. पुढच्या स्वस्त आवृत्त्यांनी तिथे करडे चित्र छापून वेळ मारून नेली. चौथ्या खंडात एक अख्खे प्रकरण गायब असून पानांचे आकडेही तेवढी उडी घेतात. नवखा संग्राहक अशी प्रत ‘पाने फाटलेली’ म्हणून परत करण्याचीच शक्यता जास्त. नकली खंड विकले जाऊ नयेत म्हणून स्टर्नने पाचव्या, सातव्या आणि नवव्या खंडांच्या प्रतींवर स्वतः सह्या केल्या. त्यामुळे इथे लेखकाची सही असणे ही दुर्मिळ बाब नाही. नसली तरच शंका घ्यावी.

विसाव्या शतकातल्या पुस्तकांची दुर्मिळता बहुधा दुर्दैवातून आली. फ्लॅन ओब्रायनची ‘अ‍ॅट स्विम-टू-बर्ड्‌स’ १९३९ मध्ये लंडनमध्ये निघाली, जेमतेम खपली आणि उरलेला साठा युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळाला. ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ लेखकाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९८० मध्ये, एका विद्यापीठाच्या प्रकाशनाने अवघ्या २,५०० प्रतींत काढली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळाले. जी. व्ही. देसाणी यांची ‘ऑल अबाउट एच. हॅटर’ (१९४८) भारतीय संग्राहकाच्या विशेष जिव्हाळ्याची. देसाणी पुढच्या आवृत्त्यांत मजकुरावर हात फिरवत राहिले, त्यामुळे मूळचा हॅटर हवा असेल तर पहिल्या आवृत्तीला पर्याय नाही.

खिळ्यांचा युरोपीय छापखाना आशियात प्रथम आला तो गोव्यात, १५५६ मध्ये. पहिल्या आवृत्त्या हरवण्यातही गोव्याचा हात कोणी धरू शकत नाही : फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, नंतर आणखी दोनदा निघाले, आणि या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. आधुनिक मराठी पुस्तके मुंबई-पुण्याहून येत. १९५५ नंतर भारताने पोर्तुगीज गोव्याची जी आर्थिक नाकेबंदी केली, तीत ही ये-जा अडखळली. साहजिकच १९६१ पूर्वीच्या त्या पाच-सहा वर्षांतली पुस्तके गोव्यातल्या जुन्या कपाटांत सापडली, तर ती बहुधा मुक्तीनंतर आलेली असतात. इंग्रजी पुस्तकांची वाट वेगळी. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हणजुणे-कळंगुटला उतरलेल्या हिप्पींनी आणि त्यांच्यामागून आलेल्या पर्यटकांनी वाचून झालेली कागदी बांधणीची पुस्तके इथेच टाकली. किनाऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आजही याच जातीचा माल मिळतो. त्याला नाक मुरडू नये. डग्लस अ‍ॅडम्सची आकाशगंगेची वाटाडी कादंबरी (‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’) १९७९ मध्ये कागदी बांधणीतच प्रथम निघाली, तेव्हा तिची खरी पहिली आवृत्ती अशा ढिगात सापडणे अशक्य नाही.

मराठीत या वर्गात काय बसते यावर वाद घालता येईल. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (मौज, १९७४) आणि श्याम मनोहरांची ‘हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव’ (१९८३) निःसंशय बसतात. नेमाड्यांची ‘कोसला’ (देशमुख आणि कंपनी, १९६३) कोणी शोकांतिका म्हणून वाचतो, पण तिचा नायक सांगवीकर याचे वसतिगृहातले दिवस वाचून जो हसला नाही त्याने ती संग्रहात ठेवू नये. नगरकरांच्या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने काढले. तीही एक पहिली आवृत्तीच, आणि मिळायला मूळ मराठीपेक्षा सोपी नाही.

ओळखायचे कसे? इंग्रजी पुस्तकात शीर्षकपानामागे कितवे मुद्रण ते सांगणारी आकड्यांची ओळ असेल तर तीत सहसा १ असावा लागतो. वेष्टणावर किंमतच छापलेली नसेल तर ती बुक क्लबची स्वस्त प्रत असू शकते. मराठीत काही प्रकाशक प्रत्येक पुनर्मुद्रणाला नवी आवृत्ती म्हणतात, काही म्हणत नाहीत. म्हणून ‘दुसरी आवृत्ती’ पाहून मजकूर बदलला असे धरून चालू नये, आणि प्रकाशकाचे नाव जरूर ताडून पाहावे. ‘कोसला’ पुढे पॉप्युलर प्रकाशनाकडे गेली, हे ठाऊक नसलेल्याला जुनी म्हणून कोणतीही प्रत गळ्यात मारता येते.

गोव्यात सार्वजनिक वाचनाची परंपरा जुनी. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे. पण वाचनालयाला पुस्तक टिकवायचे असते आणि संग्राहकाला त्याचे कपडे. पुस्तक बांधणीला गेले की मुखपृष्ठ जाते, समास कापले जातात, कण्यावर कापडाची पट्टी येते आणि आत गुप्त पानावर (वाचनालयाने ओळखीसाठी ठरवून ठेवलेल्या पानावर) शिक्का बसतो. घरगुती प्रतींचे हाल निराळे. वर्तमानपत्राचे कव्हर घालून जपलेल्या पुस्तकाचे मुखपृष्ठ त्या कागदातल्या आम्लानेच पिवळे पडते.

मग पाऊस. पणजीत वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला आमंत्रणच. पुस्तक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळणे हा लोकप्रिय आणि घातक उपाय. ओल आतच कोंडते. डांबरगोळ्या आणि वेखंड कसरीला दूर ठेवतात, बुरशीला नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब, पुस्तके सैल उभी, आणि पावसाने उसंत दिली की दारे उघडी, एवढे केले तरी बरेच. कडक उन्हात वाळवू नये : कण्याचा रंग उडतो आणि कागदी बांधणीचा गोंद तडकून पाने सुटतात.

वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत विकत घेताना निर्लेखनाची (पुस्तक वाचनालयाच्या यादीतून काढून टाकल्याची) नोंद किंवा ‘रद्द’ असा शिक्का पाहून घ्यावा. तो नसेल तर ते पुस्तक अजून वाचनालयाचेच आहे, मग मुदत चाळीस वर्षांपूर्वी टळली असली तरी.