कान्कालची कालवं आणि भरतीचा आकडा

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कान्काल गावी कालवांच्या (ऑयस्टरच्या) बागा बघायला जायचं असेल तर हॉटेलच्या आधी भरतीचं कोष्टक बघावं. फ्रान्समध्ये प्रत्येक भरतीला तिचा जोर सांगणारा, २० ते १२० यांमधला एक आकडा दिलेला असतो. ७० म्हणजे मध्यम, ४५च्या आसपास आपला भांग (पाण्याचा चढउतार कमी असण्याचे दिवस) आणि ९५च्या पुढे चांगलं उधाण. अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी हा आकडा सर्वांत वर जातो. भांगाला गेलात तर कालवांच्या बागांचा बराचसा भाग पाण्याखालीच राहतो. उधाणाची मोठी ओहोटी मात्र इथे दुपारी लागते, ही पाहुण्यांच्या सोयीची गोष्ट.

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं. कान्काल ज्याच्या काठावर आहे त्या मों-सां-मिशेलच्या उपसागरात हाच फरक १३-१४ मीटरपर्यंत जातो. अटलांटिकची भरतीची लाट इंग्लिश खाडीत शिरते आणि आडव्या आलेल्या कोतांतां द्वीपकल्पावर आपटून मागे फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढतात, त्यात तळ उथळ, म्हणून पाणी इतकं फुगतं.

कालवांची शेती चालते ती या चढउतारावर. कोकणात कातळाला चिकटलेलं कालव कोयत्याने सोडवावं लागतं. इथलं सुटं असतं. त्याचं बी, म्हणजे इवली पिल्लं, बहुतेक वेळा दक्षिणेकडच्या आर्काशोंसारख्या उबदार पाण्यात धरतात किंवा उबवणीत तयार करतात. ते प्लास्टिकच्या जाळीच्या, साधारण एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद पिशवीत भरतात. वाळूत रोवलेल्या, गुडघाभर उंचीच्या लोखंडी घोड्यांवर (चौकटींवर) या पिशव्या आडव्या टाकून रबरी पट्ट्यांनी बांधतात. बी लहान असताना जाळीची भोकं चारेक मिलिमीटरची. कालव वाढलं की मोठ्या भोकांची पिशवी, आणि दर पिशवीत संख्या कमी. विक्रीला यायला साधारण तीन वर्षं लागतात.

या काळातलं खरं कष्टाचं काम म्हणजे पिशव्या उलटणं आणि झटकणं. ते राहिलं तर जाळीवर शेवाळ साचतं, आत पाणी खेळत नाही आणि कालवं उपाशी राहतात. काही तर जाळीतूनच बाहेर वाढतात आणि लांबट, पातळ निघतात. झटकल्याने शिंपल्याची कोवळी कड मोडते, मग तो लांबीऐवजी खोलीत वाढतो. मांस त्या खोलगट वाटीतच भरतं.

घोड्याची उंची ठरवणं हेही कसब आहे. खाली ठेवलेलं कालव जास्त वेळ पाण्यात राहतं, जास्त खातं, झपाट्याने वाढतं. वर ठेवलेलं हळू वाढतं, पण ओहोटीत तासन्‌तास शिंपला घट्ट मिटून बसायची सवय त्याला लागते. ही सवय नसलेलं कालव पेटीतल्या प्रवासात तोंड उघडतं, आतलं पाणी सांडतं आणि मरतं.

आज इथे दिसणारं बहुतेक कालव मूळचं जपानी. त्याआधी चालणारी पोर्तुगीज जात १९७०च्या सुमारास विषाणूने संपली. मूळची चपटी जात परजीवींनी खिळखिळी केली. ती अजून मिळते, पण महाग. तिची थोराड कालवं ‘घोड्याची टाप’ या नावाने विकतात. जपानी जातही सुरक्षित नाही. २००८पासून नागीण (हर्पीस) या रोगाच्या कुळातला एक विषाणू, पाणी साधारण १६ अंशांच्या वर गेलं की, तिच्या बियाचा फडशा पाडतो. माणसाला त्याचा उपद्रव नाही.

बागांकडे चालत जायचं तर ओहोटीच्या तळाआधी दोन तास निघा आणि तळ लागला की परत फिरा. भरतीचा ढोबळ हिशेब असा: १२ मीटर फरक असेल तर सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ मीटर चढतं. तिसऱ्या-चौथ्या तासातला वेग घात करतो, आणि इथे भरती ओहोटीपेक्षा थोडी घाईतच येते. समोरचं पाणी लांब दिसत असतानाच मागचे खोलगट ओहोळ भरलेले असतात. पिशव्यांना हात लावू नका, ती कुणाची तरी शेती आहे.

धक्क्याजवळच्या टपऱ्यांवर कालवं क्रमांकाने विकतात आणि क्रमांक उलटे चालतात: ५ नंबर सर्वांत लहान, ३ नंबर ६६ ते ८५ ग्रॅमचं, शून्य नंबर दीडशे ग्रॅमच्या वर. पहिल्यांदा खाताना ३ नंबर बरं. उन्हाळ्यात कालव दुधाळ लागतं, कारण अंगात अंडी किंवा शुक्राणू भरलेले असतात. विषारी नसतं, पण सगळ्यांना रुचत नाही. म्हणून तीन गुणसूत्र-संचांची वांझ कालवंही पिकवतात.

स्वतः फोडायचं तर फडक्यात धरा, खोलगट बाजू खाली, बिजागरी तळहाताकडे. बिजागरीपासून दोन-तृतीयांश अंतरावर, उजव्या कडेने सुरीचं टोक घाला. शिंपला मिटणारा स्नायू तिथेच असतो. टोक खोल गेलं तर मांस फाटतं. पहिलं पाणी ओतून टाका, थोड्या वेळात कालव पुन्हा पाणी सोडतं आणि ते जास्त चवदार. मांसाच्या काळसर कडेला सुरी टेकवून बघा. कड आक्रसली तर कालव जिवंत आहे. नाही आक्रसली तर खाऊ नका.