फिगर पाठवताय? आधी तो स्प्रे खाली ठेवा

नमस्कार मंडळी. मी जवानांच्या छोट्या मॉडेल फिगर रंगवून देतो. दर पावसाळ्यात तोच घोळ होतो म्हणून यंदा लिहूनच काढलंय, नवीन ऑर्डर घेताना हा कागद आधी पाठवणार आणि मगच पुढचं बोलणं.

"प्रायमर मारूनच पाठवलाय, तेवढंच तुमचं काम वाचेल." असा मेसेज आला की माझ्या पोटात गोळा येतो. प्रायमर म्हणजे रंगाच्या आधी मारायचा अस्तराचा थर. भावना चांगली असते हो, पण काम वाचत नाही, दोन दिवसांनी वाढतं.

गेल्या जुलैत रत्नागिरीहून एका गिऱ्हाइकाने कारगिलचे सहा जवान पाठवले, 1/35 स्केल, म्हणजे उभा माणूस जेमतेम 5 सेंटीमीटरचा. हार्डवेअरच्या दुकानातला ग्रे स्प्रे गॅलरीत उभं राहून मारलेला, बाहेर धो धो पाऊस. डबा उघडला तर सहाही जणांच्या तोंडावर रवा भुरभुरल्यासारखा. होतं काय, स्प्रेतलं सॉल्व्हंट उडताना फिगर गार पडते, आपली हवा आधीच ओलीचिंब, ती ओल रंगात बसते आणि रंग पांढरट, खरखरीत सुकतो. त्यात स्प्रेचा डबा अगदी जवळ धरलेला, त्यामुळे बाहीच्या सुरकुत्या आणि खिशांच्या कडा सगळ्या बुजलेल्या.

साधा एकरंगी युनिफॉर्म असता तर कसंतरी निभावलं असतं. कॅमोफ्लाजला, म्हणजे जवान झाडाझुडपांत दिसू नये म्हणून पट्ट्यापट्ट्यांचा रंगवलेल्या कापडाला, खाली बेस, त्यावर तीन-चार रंगांचे पट्टे, मग घडीत सावली आणि घडीच्या डोक्यावर उजेड, असे पाच-सहा पातळ हात बसतात. खालचा थर खरखरीत असला की ब्रश प्रत्येक दाण्याला अडकतो आणि पट्ट्याची कड फाटते. आणि घडी बुजलेली असली तर मी कितीही जीव ओतला तरी नुसते डाग दिसतात, कापड दिसत नाही.

मग काढा तो रंग. रात्रभर डेटॉलमध्ये बुडवून सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचं. लगेच पाण्यात धरायचं नाही हां, चिकट लगदा होतो, आधी परत डेटॉलमध्येच खळबळायचं आणि नंतर साबण. घरभर दवाखान्याचा वास, आई विचारते कोण आजारी आहे रे. एवढं करून चौघांचा रंग सुटला, दोघांचा हटेना, तिथे थिनर लावावा तर प्लॅस्टिकच विरघळायचं. घासताना एकाच्या रायफलची नळी मोडली ती वेगळीच, ती मी माझ्या खर्चाने तारेची करून दिली. म्हणून आता साफसफाईचे पैसे वेगळे लावतो, काही जणांना राग येतो, माझा इलाज नाही.

तुम्ही एवढंच करा: फिगर कोऱ्या पाठवा. रेझिनची असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात धुवून, साच्याचा तेलकटपणा गेला पाहिजे. डोकं, हात, बंदूक सुटी असतील तर सुटीच राहू देत, चिकटवल्यावर छातीपर्यंत ब्रश पोचत नाही. प्रायमर आम्ही मारतो, पावसात ब्रशने, आणि त्याचे पैसे रेटमध्येच धरलेले असतात.

दुसरी नेहमीची तक्रार, "डिजिटलचे चौकोन दिसत नाहीत." सैन्याचा नवा डिजिटल, म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांच्या कॅमोफ्लाजचा, युनिफॉर्म 15 जानेवारी 2022 ला आर्मी डेच्या परेडमध्ये दिसला, तेव्हापासून सगळ्यांना तोच हवाय. आता तुम्हीच हिशोब करा, खऱ्या कापडावर 1 सेंटीमीटरचा ठिपका असेल तर 1/35 ला तो 0.3 मिलीमीटरपेक्षाही बारीक होतो. असे शेकडो काढले तर हातभर अंतरावरून सगळं मिळून एक राखाडी-हिरवट चिखल दिसतो. म्हणून मी ठिपके थोडे मोठे आणि मोजके घेतो, रंग मूळ कापडापेक्षा जरा फिके ठेवतो आणि काळ्याच्या जागी गडद करडा वापरतो. हे आळसापायी नाही, एवढ्याशा वस्तूवर खरा काळा भोकासारखा दिसतो. आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, वडील डोळे आखायचे तेव्हा मूर्ती मांडीवर आणि नजर दारापलीकडे, तिथून कशी दिसेल ते बघायचं, तेच हे.

तसं कॅमोफ्लाज हे मूळचं रंगाऱ्यांचंच काम बरं का, 1915 मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकार गोळा करून तोफा आणि गाड्या लपवायला त्यांची वेगळी तुकडीच काढली होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लय बरं वाटलेलं.

अजून एक, साल सांगा. कुडाळच्या एका दादांना त्यांच्या वडिलांची फिगर हवी होती, मराठा लाइट इन्फंट्री, 1971, आणि कॅमोफ्लाज पाहिजेच. मी म्हटलं घरातला जुना फोटो पाठवा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट, पण शर्ट साधा, एका रंगाचा. तेव्हा बहुतेक जवान साध्या ओजीत असायचे, ऑलिव्ह ग्रीन. ओजीचा रेट आमच्याकडे कॅमोफ्लाजच्या निम्मा आहे, म्हणजे खरं सांगून मीच पैसे घालवले. दादांनी मात्र नंतर वडिलांच्या दोन मित्रांच्या फिगर सांगितल्या.

पार्सल करताना फिगर कापसात गुंडाळू नका, तंतू अडकतात. टिश्यू पेपर आणि ताठ डबा बास. आषाढ लागला की चतुर्थीपर्यंत मी शाळेत असतो, मूर्तींपुढे जवानांचा नंबर लागत नाही. त्या दिवसांत आलेलं पार्सल फळीवर तसंच राहील, उघडणार विसर्जनानंतरच.