दहा हजार जोडण्या, एकच लूप

कुठलाही सर्व्हर घ्या, त्याचा बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. ग्राहकाची विनंती अर्धी आलेली असते, उरलेली अजून रस्त्यात असते. उत्तर तयार असतं, पण समोरच्याचं नेटवर्क मंद असल्यामुळे ते पूर्ण पाठवता येत नाही. मेमरीतली एखादी नोंद शोधून द्यायला प्रोसेसरला काही मायक्रोसेकंद पुरतात. तीच विनंती दुसऱ्या शहरातून यायला कित्येक मिलिसेकंद, म्हणजे हजारपट वेळ लागतो. हा रिकामा वेळ कसा वापरायचा, यावर सर्व्हर सॉफ्टवेअरची सगळी मांडणी ठरते.

सरळ सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक जोडणीला स्वतंत्र थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला आपापला चालणारा कामाचा धागा, देणं. ज्याचा डेटा आला नाही तो थ्रेड झोपेल, बाकीचे चालू राहतील. शेदोनशे जोडण्यांपर्यंत हे छान चालतं. पण लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या नोंदींसाठी, सहसा मेमरीच्या पत्त्यांची ८ एमबी जागा राखून ठेवली जाते (प्रत्यक्ष मेमरी वापरेल तेवढीच लागते), आणि एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाण्याचा खर्च दर वेळी मोजावा लागतो. डॅन केगेल यांनी १९९९ साली थेट प्रश्न मांडला होता: एका यंत्राने एकाच वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? त्या वर्षीचं हार्डवेअर त्यासाठी पुरेसं होतं. अडचण सॉफ्टवेअरच्या रचनेत होती.

मेमरीपेक्षाही मोठी अडचण सामायिक डेटाची आहे. समजा एका मोजणीत ४१ हा आकडा आहे आणि दोन थ्रेडना तो एकाने वाढवायचा आहे. पहिल्याने ४१ वाचला. तो ४२ लिहिणार एवढ्यात दुसऱ्यानेही ४१ वाचला. दोघांनीही ४२ लिहिलं आणि एक वाढ हरवली. हे टाळायला लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, लावावं लागतं. लॉक वाढले की कोणतं आधी घ्यायचं याचे नियम येतात, आणि नियम चुकला की दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत कायमचे अडकतात. असे दोष चाचणीत क्वचितच सापडतात, कारण दर वेळी वेळांची जुळणी वेगळी असते.

इव्हेंट लूप हा दुसरा मार्ग. कुकर लावला की कुणी ओट्यापाशी शिट्टीची वाट बघत उभं राहत नाही. हातातली भाजी चिरणं चालू असतं, शिट्टी झाली की तिकडे वळायचं. इव्हेंट लूपमध्ये एकच थ्रेड असतो. कोणत्या जोडणीवर काही घडलंय, हे तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला विचारतो, तेवढं काम उरकतो आणि पुन्हा विचारतो. काहीच घडलं नसेल तर तो खरोखर झोपतो आणि काही घडलं की कर्नल त्याला उठवतो.

'कर्नलला विचारणं' ही गोष्ट बरीच वर्षं महाग होती. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये 'सिलेक्ट' ही सोय आली. तिच्यात दर वेळी सगळ्या जोडण्यांची यादी कर्नलकडे द्यायची आणि परत आल्यावर कोणाचं काय झालं हे पुन्हा सगळ्या यादीत शोधायचं. शिवाय यादीची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ होती. फ्रीबीएसडीत २००० साली 'केक्यू' आलं, लिनक्समध्ये २००२ साली 'ईपोल'. यांत जोडणी एकदाच नोंदवायची आणि कर्नलने फक्त ज्यांच्यावर हालचाल झाली त्यांचीच नावं परत द्यायची. दहा हजारांपैकी तीन जागे असतील तर तीनच नावं मिळतात. तिथून पुढे एका थ्रेडवर मोठे सर्व्हर चालवणं शक्य झालं.

लूप सोपा कसा ठेवायचा हे बघायला मला रेडिससारखं उदाहरण दुसरं दिसत नाही. रेडिस म्हणजे सगळा डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस. सिसिलीचे साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी बाजारातली तयार लूप-लायब्ररी घेतली नाही. 'जिम' नावाच्या, टीसीएल ही भाषा चालवणाऱ्या छोट्या इंटरप्रिटरसाठी स्वतः लिहिलेला लूप होता, तोच उचलून नीट केला. त्या फाइलचं नाव 'एई', लांबी पाचेकशे ओळी. ईपोल, केक्यू आणि सिलेक्ट यांच्यासाठी वेगवेगळ्या छोट्या फाइली आहेत आणि बांधणीच्या वेळी त्यातली एक निवडली जाते. ही फाइल एका बैठकीत वाचून होते. सिस्टम प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मला मनापासून वाटतं.

त्यातल्या काही निवडी जवळून बघू. कर्नलने एखाद्या जोडणीचं नाव घेतलं की तिची माहिती शोधायची कशी? सवयीने इथे हॅश टेबल, म्हणजे खुणेवरून नोंदीची जागा काढणारा तक्ता, घेतलं जातं. एईमध्ये साधी रांग (अ‍ॅरे) आहे आणि जोडणीचा क्रमांक हाच रांगेतला क्रमांक. हे चालतं, कारण युनिक्समध्ये नवीन जोडणीला नेहमी उपलब्ध असलेला सर्वांत लहान क्रमांक मिळतो. त्यामुळे क्रमांक विखुरत नाहीत. रेडिसची नेहमीची मर्यादा दहा हजार ग्राहकांची आहे, म्हणून रांग त्याहून थोडी मोठी ठेवली की पुरते. जुन्याच प्रणालीने दिलेल्या एका हमीवर टेबल, टक्कर, शोध हे सगळं गळून पडतं.

टायमरची गोष्ट याहून धीट आहे. 'इतक्या वेळाने हे कर' अशी कामं सांभाळायला पाठ्यपुस्तकात हीप सांगतात, म्हणजे सर्वांत जवळची वेळ नेहमी वर राहील अशी रचना. एईमध्ये क्रम न लावलेली साधी साखळी आहे आणि जवळची वेळ शोधायला ती दर वेळी पूर्ण चाळली जाते. कोडमधल्या टिपणीत हे उघडपणे लिहिलंय, वर सुधारायचं झालं तर कसं सुधारता येईल तेही सांगितलंय, आणि आजवर गरज पडलेली नाही असंही. गरज का पडली नाही? कारण रेडिसचा मुख्य टायमर एकच असतो. मुदत संपलेल्या नोंदी काढणं, आकडेवारी अद्ययावत करणं अशी सगळी नियमित कामं त्या एकाच टायमरवर चालतात आणि तो नेहमीच्या मांडणीत सेकंदाला १० वेळा वाजतो. एक-दोन कड्यांची साखळी चाळायला हीप कशाला? हजारो टायमर असलेल्या सॉफ्टवेअरसाठी हीच निवड चुकीची ठरली असती. आपल्या कामाला काय लागतं हे नेमकं ठाऊक असलेला माणूसच असं वगळू शकतो.

तिसरी निवड ईपोलच्या दोन पद्धतींमधली. एका पद्धतीत नवीन डेटा आला की कर्नल एकदाच सांगतो. मग प्रोग्रॅमने तो शेवटच्या बाइटपर्यंत उपसायलाच हवा, नाहीतर उरलेल्याची आठवण कुणी करून देत नाही. दुसऱ्या पद्धतीत डेटा शिल्लक आहे तोवर कर्नल प्रत्येक फेरीत आठवण देतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पहिली पद्धत वापरतो, रेडिस दुसरी. दुसरीत कर्नलकडून काही सूचना पुन्हा मिळतात, पण मोबदल्यात प्रोग्रॅमला काम अर्धवट सोडून पुढच्या ग्राहकाकडे जायची मोकळीक मिळते. रेडिस साधारणपणे एका खेपेला १६ केबी वाचतो आणि पुढे सरकतो. लिहितानाही एका ग्राहकाला सुमारे ६४ केबी दिल्यावर थांबतो. समोरचा कितीही वेगाने घेत असला तरी बाकीच्यांची पाळी त्याला खाऊ द्यायची नाही, असं कारणही कोडमध्ये शेजारीच नोंदवलंय.

आणि माझी सर्वांत आवडती जागा: लूप झोपायला जाण्याआधी बोलावलं जाणारं एक फंक्शन. एका फेरीत पन्नास ग्राहकांनी बदल केले, तर त्यांची उत्तरं लगेच पाठवली जात नाहीत, मेमरीत साठतात. फेरी संपली की आधी सगळे बदल डिस्कवरच्या नोंदवहीत लिहिले जातात आणि मग उत्तरं रवाना होतात. 'प्रत्येक बदल डिस्कवर पक्का झाल्याशिवाय होकार देऊ नको' अशी मांडणी केली असेल, तर डिस्क पक्की करण्याचं महागडं काम पन्नासदा करण्याऐवजी एकदाच होतं. बँकेच्या दर्जाचे डेटाबेस यासाठी खास यंत्रणा बांधतात. इथे ती लूपच्या आकारातूनच मिळते. शिवाय त्याच वेळी उत्तर थेट पाठवून बघितलं जातं. बहुतेकदा ते एका दमात जातं, म्हणून 'लिहायला जागा झाली की सांग' अशी नोंद कर्नलकडे करावीच लागत नाही. जे उरतं त्याच्यासाठीच ती होते.

या सगळ्याची किंमत एकच आहे, पण ती कडक आहे: कुणीही जास्त वेळ घ्यायचा नाही. थ्रेड एकच असल्यामुळे एक आज्ञा रेंगाळली की दहा हजार ग्राहक तिच्यामागे खोळंबतात. 'कीज' ही आज्ञा सगळी नावं चाळते. साध्या लॅपटॉपवर दहा लाख नावं चाळायला ४० मिलिसेकंद लागतात, असं रेडिसच्या दस्तऐवजातच म्हटलंय. त्याच वेगाने ४ कोटी नावांना दीड सेकंदाहून जास्त लागेल, आणि तेवढा वेळ सर्व्हर सगळ्यांसाठी बंद. म्हणून 'स्कॅन' आलं. ते थोडी नावं देतं, पुढे कुठून सुरू करायचं त्याची खूण देतं आणि बाकीच्यांना वाट करून देतं. १० मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेणाऱ्या आज्ञांची वेगळी नोंद नेहमीच्या मांडणीत आपोआप ठेवली जाते. रेडिस चालवणाऱ्याने सकाळी पहिल्यांदा ती उघडावी.

खोडणं मात्र स्कॅनइतकं सहज सुटलं नाही. लाखो घटकांची एक यादी पुसायची तर प्रत्येक घटकाची मेमरी एकेक करून परत करावी लागते, आणि तोवर लूप थांबतो. सानफिलिप्पोंनी आधी हे काम लूपमध्येच तुकड्यातुकड्यांनी करून पाहिलं. पण पुसण्यापेक्षा भरण्याचा वेग जास्त असेल तर मेमरी वाढतच जाते, आणि ते टाळायला पुसण्याचा वेग वाढवावा तर ग्राहकांचा वेळ कमी होतो. मग हे काम मागच्या थ्रेडला द्यायचं ठरलं. तिथे जुनी अडचण समोर आली: एकच स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, मेमरीत ठेवून ती अनेक ठिकाणी वापरली जात होती आणि किती जण वापरतात याचा आकडा तिच्यासोबत असे. मागचा थ्रेड तो आकडा कमी करतोय आणि मुख्य थ्रेड वाढवतोय, म्हणजे आपलं ४१ आणि ४२ चं भांडण पुन्हा सुरू.

लॉक लावता आलं असतं. त्यांनी हा सामायिक वापरच बंद केला. यादीतला, संचातला प्रत्येक घटक आपापली प्रत बाळगू लागला. मेमरी वाचवण्याची एक जुनी युक्ती सोडावी लागली, पण मधला एक थर निघून गेल्याने रचना आखूड झाली. मग यादी एकाच मालकाची उरली आणि ती जशीच्या तशी दुसऱ्या थ्रेडच्या हाती देता आली. २०१७ च्या रेडिस ४ मध्ये 'अनलिंक' ही आज्ञा आली. ती नाव तत्काळ काढते आणि मेमरी परत करण्याचं काम मागे ढकलते. वस्तू लहान असेल, म्हणजे साधारण ६४ घटकांपर्यंत, तर ती जागच्या जागीच मोकळी होते, कारण तिला मागे पाठवण्यातच जास्त वेळ जाईल.

२०२० च्या रेडिस ६ मध्ये नेटवर्कवरून वाचण्या-लिहिण्यासाठीही जादा थ्रेड आले. बाइट सॉकेटमध्ये, म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकात, ढकलणं हे त्यांचं मुख्य काम, आणि सांगितलं तर विनंतीचे बाइट वाचून तिची फोड करणंही. आज्ञा प्रत्यक्ष पार पाडण्याचं काम मुख्य थ्रेडकडेच राहिलं, एकामागून एक. म्हणून मोजणी वाढवणाऱ्या आज्ञेला तिथे आजही लॉक लागत नाही. आणि त्या आवृत्तीत हे जादा थ्रेड मुळात बंदच ठेवलेले असतात. ज्याला खरंच लागतील त्याने कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जाऊन ते चालू करायचे.