अवघड कटला साइड द्यायची ती कशासाठी?

पूलमध्ये अवघड कट, म्हणजे समोरचा बॉल तिरका कापून पॉकेटमध्ये घालायचा शॉट, आला की बऱ्याच खेळाडूंचा हात आपोआप साइडकडे जातो. क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलला मध्याच्या डावी-उजवीकडे मारून दिलेली आडवी फिरकी म्हणजे साइड. समजूत अशी की पांढऱ्याला आडवी फिरकी दिली की ती समोरच्या बॉलला लागते आणि तो वळत वळत पॉकेटमध्ये जातो. ही समजूत चुकीची आहे. समोरच्या बॉलला मिळणारी फिरकी अगदी थोडी असते, आणि सपाट टेबलावर भोवऱ्यासारखी फिरकी घेऊन निघालेला बॉल सरळच जातो. साइडचा परिणाम होतो, पण तो दोन बॉल एकमेकांना टेकलेले असतात तेवढ्याच वेळात. हा वेळ एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो. एवढ्याशा वेळात जे घडतं, ते मला या खेळातलं सगळ्यात सुंदर विज्ञान वाटतं.

आधी कट अवघड का होतो ते पाहू. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिमी असतो. पांढरा ज्या दिशेने येतो आणि समोरचा ज्या दिशेने जातो, त्यांच्यातला कोन म्हणजे कटचा कोन. पांढऱ्याचा मध्य समोरच्याच्या कडेवर रोखला की ३० अंशांचा कट होतो, म्हणजे हाफ बॉल. इथे नेम १ मिमी चुकला तर समोरच्याची दिशा साधारण १.२ अंशांनी बदलते. ६० अंशांच्या कटला त्याच १ मिमीचे २ अंश होतात आणि ७५ अंशांना जवळपास ४. ७५ अंशांच्या कटमध्ये समोरच्या बॉलचा जेमतेम २ मिमी भाग पांढऱ्याच्या वाटेत येतो.

दुसरी अडचण वेगाची. ६० अंशांच्या कटला समोरच्याला पांढऱ्याच्या वेगाच्या निम्माच वेग मिळतो, तर पांढऱ्याकडे ८७ टक्के वेग उरतो. ऊर्जेच्या हिशेबात तीन चतुर्थांश पांढऱ्याकडेच राहते. म्हणून बारीक, म्हणजे मोठ्या कोनाचा, कट पॉट झाला तरी पांढरा टेबलभर पळत सुटतो.

आता घर्षणाकडे येऊ. शाळेत दोन गोळ्यांची टक्कर शिकवताना ते गुळगुळीत मानतात. म्हणून समोरचा बॉल दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतच जाईल असं आपण धरून चालतो. खऱ्या टकरीत पांढऱ्याचा पृष्ठभाग समोरच्याच्या पृष्ठभागावर घासत पुढे जातो आणि जाताना त्याला आपल्या बाजूला थोडा ओढतो. त्यामुळे कट हवा त्यापेक्षा कमी होतो. याला खेळाडू थ्रो म्हणतात. हा थ्रो किती होतो? दोन बॉलमधला घर्षण गुणांक साधारण ०.०६ धरला तर दिशा सुमारे साडेतीन अंशांनी बदलते. एक मीटर अंतरावर ही चूक ६ सेंटिमीटरची होते. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड जवळपास ११.५ सेंटिमीटर असतं, म्हणजे मध्यापासून जेमतेम ३ सेंटिमीटरपर्यंत इकडेतिकडे झालं तरच बॉल आत जातो. नेम अचूक असूनही बॉल पॉकेटच्या जाड, म्हणजे कमी कापल्याच्या, बाजूला आपटतो, त्याचं कारण अनेकदा हेच.

हे घासणं थांबवता आलं तर? साइड कामाला येते ती इथे. समोरच्याला डावीकडे कापायचं असेल तर पांढऱ्याला उजवी, म्हणजे बाहेरची साइड द्यायची. आता टेकण्याच्या जागी पांढऱ्याचा पृष्ठभाग फिरकीमुळे मागे जातो आणि बॉलच्या पुढे जाण्यामुळे पुढे जातो. या दोन्ही गती सारख्या झाल्या की त्या बिंदूवर घसरण शून्य होते, आणि दोन बॉल दातेरी चाकांसारखे एकमेकांवरून सुटतात. घासणं नाही, म्हणून ओढ नाही आणि थ्रोही नाही. गणित सोपं आहे. टिप, म्हणजे क्यूचं टोक, पांढऱ्याच्या मध्यापासून किती बाजूला लावायची, तर त्रिज्येच्या दोन पंचमांशाला कटच्या कोनाच्या साइनने गुणायचं. हाफ बॉलला उत्तर येतं ५.७ मिमी. टिप सटकण्याची मर्यादा साधारण १४ मिमीवर येते, म्हणजे लागणारी साइड कमाल साइडच्या निम्मीही नाही. त्याहून जास्त दिली की घर्षण उलट दिशेने काम करतं आणि कट हवा त्यापेक्षा जास्त होतो.

आणखी एक बारकावा: हे घर्षण स्थिर नसतं, घसरण्याचा वेग वाढला की ते कमी होतं. म्हणून हळू मारलेल्या शॉटला थ्रो जास्त आणि जोरात मारलेल्याला कमी. पुढची-मागची फिरकी नसलेल्या स्टन शॉटला तो सर्वाधिक असतो, कारण टॉप (पुढची फिरकी) किंवा स्क्रू (मागची फिरकी) असला तर घासण्याचा काही भाग उभ्या दिशेला जातो. आतली, म्हणजे कटच्याच बाजूची, साइड दिली तर घसरण्याचा वेग वाढतो. बारीक कटला त्यामुळे थ्रो उलट थोडा कमीही होऊ शकतो. हे पटकन पटत नाही, पण आकडेमोड तेच सांगते.

बॉलच्या फिरकीचं सविस्तर गणित गास्पार-गुस्ताव कोरिऑलिसने १८३५ साली पुस्तकरूपाने मांडलं. भूगोलात वाऱ्यांच्या दिशेसाठी ज्याचं नाव येतं तोच हा फ्रेंच गणितज्ञ. फिरकी घेतलेला पांढरा कापडावर घसरताना जी वाकडी वाट चालतो ती पॅराबोला असते, हेही त्याने दाखवलं.

मग प्रत्येक कटला बाहेरची साइड द्यावी का? माझं मत नाही. साइडने मारलेला पांढरा क्यूच्या रेषेत निघत नाही. साइडच्या उलट बाजूला थोडा सरकून निघतो. पुढे क्यूच्या उतारामुळे तो पुन्हा वळतो, आणि किती वळेल हे वेग, अंतर आणि कापडावर अवलंबून असतं. समजा एक मीटरवर यातून अर्ध्या अंशाची चूक झाली, म्हणजे सुमारे ९ मिमी. ६० अंशांच्या कटला ही चूक बाहेरच्या बाजूला झाली तर पांढरा समोरच्या बॉलला लागतच नाही. साडेतीन अंश वाचवायला जाऊन एवढा धोका घेणं मला पटत नाही. दूरच्या बारीक कटला मी क्यू मध्यरेषेवर ठेवतो आणि थ्रोइतका कट जास्त धरतो.

साइडची खरी गरज पांढऱ्यासाठी असते. हाफ बॉलला स्टन दिला तर पांढरा मूळ दिशेपासून ६० अंश वळतो आणि घरंगळत आला तर ३४ अंश. म्हणजे टिप लावायच्या नुसत्या उंचीने २६ अंशांचा फरक पाडता येतो. ६० अंशांच्या कटला हेच आकडे ३० आणि २१ होतात. टॉपने फक्त ९ अंश हाती लागतात, आणि पांढरा तर वेगात असतो. त्याची वाट ठरवायची ती कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, आणि तिथे साइडला पर्याय नाही. समोरचा बॉल ज्या कुशनजवळ आहे त्याच कुशनला पांढरा लगेच लागणार असेल, तर बाहेरची साइड त्याला रुंद कोनात पळवते आणि आतली साइड आखडून वेग मारते. म्हणून माझा क्रम असा: आधी वेग, मग उंची, आणि त्यांनी पांढरा हव्या जागी पोचत नसेल तरच साइड.

महागडे क्यू ‘नेम आपोआप लावतात’ असा प्रचार चालतो. हलक्या टोकाच्या क्यूमुळे पांढऱ्याचं बाजूला सरकणं कमी होतं हे खरं, पण दोन बॉलमधलं घर्षण त्याने बदलत नाही. टिपला लावायचा ठरावीक चॉक नशीब आणतो असं मानणाऱ्यांनी तर एवढंच पाहावं की त्या चॉकचा कण टेकण्याच्या जागी आला तर घर्षण एकदम वाढतं आणि सोपा कटही जाड जातो. बॉल पुसून घेणं जास्त उपयोगाचं.

हे सगळं टेबलावर दिसतं. पट्ट्याचा बॉल हाफ बॉल कटला ठेवा. पट्टा उभा आणि पॉकेटच्या दिशेने हवा. साइडशिवाय हळू मारला तर बॉल जाताना पट्टा डगमगतो, कारण घासण्यातून त्याला आडवी फिरकी मिळालेली असते. मग टिप बाहेरच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर, जरा जास्तच, सरकवून त्याच वेगाने मारा आणि पट्टा जवळजवळ स्थिर राहीपर्यंत जागा बदलत राहा. डगमग उलट बाजूने सुरू झाली तर साइड जास्त झाली.