हाताच्या शस्त्रक्रियेपूर्वीची प्रतिबंधात्मक प्रतिजैविके

बोटे, तळहात, मनगट, कोपर, दंड किंवा खांदा यांवर शस्त्रक्रिया करताना छेद घेण्यापूर्वी, बहुधा शिरेतून, जी प्रतिजैविकाची मात्रा दिली जाते, तिला प्रतिबंधात्मक मात्रा म्हणतात. झालेला संसर्ग बरा करणे हा तिचा हेतू नसतो. जखम उघडी असताना तिच्यात उतरणारे जंतू तेथे रुजू नयेत एवढ्यासाठीच ती असते. प्रतिबंध आणि उपचार यांतला हा भेद व्यवहारात सहज पुसला जातो, आणि या विषयातील बहुतेक चुकांचे मूळ तेथेच सापडते.

पोव्हिडोन आयोडीन किंवा क्लोरहेक्सिडीन लावून त्वचा कितीही स्वच्छ केली, तरी केसांच्या मुळांशी काही जंतू उरतातच. हाताच्या शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू तर सुमारे 30 टक्के निरोगी माणसांच्या नाकात वास करतो. 1961 साली बॉस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क यांनी गिनीपिगांच्या त्वचेत असे जंतू टोचून, प्रतिजैविक कधी आधी तर कधी नंतर देऊन पाहिले. औषध आधीच ऊतींमध्ये पोहोचलेले असेल तेव्हा त्याचा परिणाम सर्वाधिक दिसला; तेच औषध जंतू शिरल्यावर तीन तासांनी दिले असता ते न दिल्यासारखेच ठरले. पुढे 1992 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 2,847 रुग्णांच्या अभ्यासातही, छेदापूर्वीच्या दोन तासांत मात्रा मिळालेल्या रुग्णांमध्ये संसर्गाचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. कोणते औषध द्यावे याइतकाच ते केव्हा द्यावे हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरला.

सर्वसाधारणपणे सेफाझोलिन हे सेफॅलोस्पोरिन गटाच्या पहिल्या पिढीतील प्रतिजैविक वापरले जाते. प्रौढाला 2 ग्रॅम, 120 किलो वा त्याहून अधिक वजन असल्यास 3 ग्रॅम आणि मुलांना दर किलोमागे 30 मिलिग्रॅम या हिशेबाने ते छेदापूर्वीच्या 60 मिनिटांत दिले जाते. शस्त्रक्रिया चार तासांहून अधिक चालली तर दुसरी मात्रा द्यावी लागते. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसची शक्यता असल्यास व्हॅन्कोमायसिन निवडतात. मात्र ते सावकाश, तासभर किंवा अधिक वेळ सोडावे लागते, म्हणून त्याची सुरुवात छेदापूर्वी दोन तासांच्या आत होते.

हाताच्या शस्त्रक्रियेत या वेळापत्रकाला एक खास अडचण आहे. रक्तस्राव थांबवून बारीक नसा व शिरा नीट दिसाव्यात म्हणून दंडावर टूर्निकेट, म्हणजे हवा भरून फुगवायचा पट्टा, बांधला जातो. प्रौढांमध्ये त्याचा दाब बहुधा पाऱ्याच्या 250 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. पट्टा एकदा फुगला की त्याच्या खाली रक्त जात नाही, आणि रक्तच जात नाही तेथे औषधही पोहोचत नाही. त्यामुळे संपूर्ण मात्रा पट्टा फुगवण्यापूर्वीच, शक्यतो पाच-दहा मिनिटे आधी, शरीरात गेलेली असावी लागते. पट्टा फुगल्यानंतर घाईने दिलेले इंजेक्शन कागदावर वेळेत दिसते. हाताला मात्र ते मिळालेलेच नसते. म्हणून भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी छेदापूर्वी एकमेकांना मोठ्याने विचारून याची खात्री करण्याची पद्धत अत्यंत मोलाची आहे.

तरीही हाताच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला ही मात्रा लागत नाही. हाताचा रक्तपुरवठा भरपूर असल्याने त्याच्या जखमा सहसा चांगल्या भरतात. कार्पल टनेल म्हणजे मनगटातील अरुंद बोगदा, त्यातील दबलेली नस मोकळी करणे, अडकणारे बोट म्हणजे ट्रिगर फिंगर सोडवणे, मनगटावरील गँग्लियन म्हणजे द्रवाने भरलेली गाठ काढणे अशा छोट्या, स्वच्छ आणि शरीरात काहीही रोपण न करणाऱ्या शस्त्रक्रियांत संसर्गाचे प्रमाण मुळातच फार कमी असते. कार्पल टनेलच्या बाबतीत ते मोठ्या पाहण्यांमध्ये एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळते. अशा ठिकाणी प्रतिजैविकाने ते आणखी घटते असे सिद्ध झालेले नाही, आणि म्हणून ते सरसकट देऊ नये असाच आज तज्ज्ञांचा कल आहे. यांतील पुष्कळ शस्त्रक्रिया आता लिडोकेन आणि अ‍ॅड्रेनलिन यांच्या स्थानिक भुलीखाली, रुग्ण जागा असताना आणि टूर्निकेटशिवाय होतात. अशा रुग्णाच्या शिरेत केवळ प्रतिजैविकासाठी सुई घालण्याला काहीच आधार उरत नाही.

गोव्यात या प्रश्नाला मधुमेहाची जोड आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यात नोंदले गेले. आणि कार्पल टनेल व ट्रिगर फिंगर हे दोन्ही विकार मधुमेहींना अधिक होतात. रुग्णाला मधुमेह आहे म्हणून प्रतिजैविक द्यावे, असा विचार स्वाभाविक वाटतो. परंतु स्वच्छ व छोट्या शस्त्रक्रियेत केवळ त्या कारणाने मात्रा दिल्याचा लाभ अभ्यासांत स्पष्ट दिसलेला नाही. शस्त्रक्रियेच्या काळात रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या खाली ठेवणे हे त्याहून अधिक खात्रीचे काम आहे, आणि त्याची तयारी आठवडे आधीच सुरू करावी लागते.

प्लेट, स्क्रू किंवा कृत्रिम सांधा बसवायचा असेल तेव्हा चित्र पालटते. परक्या वस्तूवर जंतू चिकट थर धरतात आणि तेथून त्यांना हुसकावणे फार कठीण जाते. अशा वेळी एक मात्रा दिलीच पाहिजे. त्वचेतून थेट हाडात घातलेल्या के-वायर, म्हणजे हाड जागेवर धरणाऱ्या बारीक तारेबाबत मात्र मतभेद आहेत. खांद्याच्या शस्त्रक्रियेत वेगळाच जंतू भेटतो: काखेजवळच्या तेलकट त्वचेत खोलवर राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. तो मंदगतीने वाढतो, आणि त्याचा त्रास कधी महिन्यांनी जाणवतो. म्हणून काही केंद्रांत शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस खांद्याला 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड लावण्यास सांगतात.

उघड्या जखमांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण तेथे जंतू शस्त्रक्रियेच्या आधीच आत गेलेले असतात. पेडण्यात किंवा सत्तरीत नारळ सोलताना कोयता निसटतो, पावसाळ्यात शेतातल्या चिखलात यंत्रात हात सापडतो, मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा तळहातात खोल रुततो. या वेळी दिलेले औषध नावाला प्रतिबंधक असले, तरी ते उपचाराची सुरुवातच असते. हाड उघडे पडले असेल तर पहिली मात्रा तासाभरात मिळावी असे सांगितले जाते. काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवलेल्या रुग्णाचा बराच वेळ रस्त्यावरच जातो. म्हणून ही मात्रा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन पहिल्याच दवाखान्यात देऊन, दिल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून त्याला पुढे धाडणे श्रेयस्कर. 1976 साली गस्टिलो आणि अँडरसन यांनी अशा अस्थिभंगांची जी प्रतवारी मांडली, तिच्यानुसार औषध ठरते: सौम्य प्रकारांत सेफाझोलिन पुरते, गंभीर प्रकारांत ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर चालणाऱ्या औषधाची जोड देतात. समुद्राच्या पाण्याने दूषित झालेल्या जखमेत व्हिब्रिओ जंतूंचा विचार करावा लागतो आणि तेथे एकट्या सेफाझोलिनवर विसंबता येत नाही. मात्र बोटाच्या टोकाच्या साध्या उघड्या अस्थिभंगात भरपूर पाण्याने धुणे आणि मृत ऊती काढून टाकणे हाच मुख्य उपचार होय.

शस्त्रक्रिया आटोपल्यावर पाच किंवा सात दिवसांच्या गोळ्या लिहून देण्याची सवय आपल्याकडे खोल रुजली आहे, आणि गोळ्या न मिळाल्यास घरच्यांनाच चुकल्यासारखे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली या प्रथेविरुद्ध स्पष्ट शिफारस केली: शस्त्रक्रिया संपली की प्रतिबंधाचे काम संपते. लांबवलेल्या गोळ्यांनी जखमेचा संसर्ग घटत नाही. अतिसार, पुरळ आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात. तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनांची विक्री 1 मार्च 2014 पासून भारतात एच-1 अनुसूचीखाली नोंदवावी लागते. तरीही प्रतिबंधासाठी सेफाझोलिनऐवजी त्यांपैकीच सेफ्ट्रायाक्झोन वापरले जाताना दिसते, ज्याची स्वच्छ शस्त्रक्रियेत गरज नसते आणि जे गंभीर आजारांसाठी जपून ठेवणे हितावह आहे.

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्या रुग्णाला पूर्वी सेफाझोलिन नाकारले जाई. ही दोन्ही औषधे बीटा-लॅक्टम या एकाच कुळातली; पण सेफाझोलिनच्या रेणूची पार्श्वसाखळी कुळातील इतर औषधांहून निराळी असल्याने त्यावर प्रतिक्रिया येण्याची शक्यता फार थोडी असते, हे आता मान्य झाले आहे. तरी पूर्वी पेनिसिलिननंतर श्वास कोंडला होता, की केवळ अंगावर पुरळ उठले होते, की नुसतेच पोट बिघडले होते, हे रुग्णाला त्याच्या भाषेत विचारून नोंदवावे लागते. कातडी सोलून निघण्यासारखी तीव्र प्रतिक्रिया येऊन गेली असेल, तर सेफाझोलिन टाळून क्लिंडामायसिन 900 मिलिग्रॅम किंवा व्हॅन्कोमायसिन दिले जाते.